रिलीव्ह्ड

संस्थानं विलीन होऊन मध्य भारत राज्य झाल्यावर इंदूरच्या कचेऱ्या ग्वाल्हेरला हलत होत्या आणि शेजारच्या जयसिंगराव काकांना बदलीची धास्ती होती. ते देपालपूरला गेले असताना इंग्रजीत सरकारी पत्र आलं. मंगलाकाकू ते घेऊन माझ्याकडे आल्या, कारण गल्लीत कॉलेजात जाणारी मुलगी मी एकटीच.

"शशी, देख तर जरा. ग्वाल्हेरला धाडतायत का?"

पत्रात ग्वाल्हेरचं नावच नव्हतं. काकांना एक तारखेपासून 'रिलीव्ह्ड' केलं होतं. रिलीफ म्हणजे सुटका, एवढं मला येत होतं. मी ऐटीत म्हणाले, "काकू, सुटले काका! बदली टळली." काकूंनी गल्लीभर पेढे वाटले.

संध्याकाळी वडिलांना हे सांगितलं, तर त्यांचा चेहराच उतरला. "अगं, सरकारी कागदात रिलीव्ह करणं म्हणजे नोकरीतून मोकळं करणं. त्यांची नोकरी गेली."

मी धावत शेजारी गेले. काका नुकतेच परतले होते, पत्र त्यांच्या हातात होतं. मी तोंड उघडणार, तोच स्वयंपाकघरात गुणगुणणाऱ्या काकूंकडे बघत ते हळूच म्हणाले, "राहू दे बेटा. किती दिवसांनी खुश आहे ती. मी सांगेन सवडीने."

एक तारखेला सकाळी दहा वाजता काका नेहमीसारखे कोट-टोपी घालून कचेरीला निघाले. काकूंनी फाटकाशी येऊन डबा हातात दिला. मी ओट्यावरच उभी होते. आमची नजरानजर झाली आणि मान खाली घातली ती काकांनी.