मशीनवरची गोधडी

"मधून सुरू कर," आर्डिस म्हणाली. "कडेपासून शिवलंस तर मध्ये फुगा येईल."

"मधूनच करतेय, आई."

"सांगायचं काम केलं."

जोलीनने सासूकडे न बघता पायाने मशीनचं पेडल दाबलं. मशीन घरातलं, साधं. सुईच्या उजवीकडे वीतभर जागा, आणि त्यात डबल बेडची गोधडी कोंबायची. अर्धी वळकटी करून आत खुपसली होती, अर्धी टेबलावरून लोंबत होती. लोंबत्या भाराने कापड ओढलं जातं, टाके वेडेवाकडे पडतात. म्हणून आर्डिस सुनेच्या डावीकडे खुर्ची ओढून बसली होती, सगळा भार मांडीवर घेऊन.

गोधडीचे तुकडे आर्डिसनेच जोडले होते, नातीच्या, टेसाच्या लग्नासाठी. पण अस्तर-कापूस लावून शिवायची वेळ आली आणि संधिवाताने तिची बोटं आखडली. सुई धरवेना. लग्न शनिवारी. चर्चच्या तळघरात जमून गोधड्या हातानेच शिवणाऱ्या बायकांत आर्डिस सगळ्यांत कडक. मशीनच्या गोधडीला ती गोधडीच म्हणत नसे. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही.

"शिव बाई," ती सकाळी म्हणाली होती. "पण टेसाला सांग, ही तुझ्या आईची. आजीची नव्हे."

ते जोलीनला फार लागलं होतं. पोरगी लहानपणापासून आजीच्याच गोधडीची वाट बघत होती.

आता जोलीन दोन्ही हातांनी कापड फिरवत टाक्यांनी पानांची वेल काढत होती.

"सावकाश! वाघ लागलाय का मागे?"

"तुम्ही भार सोडू नका, म्हणजे झालं."

आर्डिसने सोडला नाही. सुनेचा हात थांबला की ती न सांगता कापड उचलून पुढे सरकवायची. अशी दुपार सरली. मग आर्डिसने एका पानावरून वाकडं बोट फिरवलं.

"बरे पडलेत टाके."

जोलीनला हसू आलं, ते तिने दाबलं. म्हातारीचं कौतुक तेवढंच असतं.

"थांब जरा, कॉफी ठेवते," म्हणून आर्डिस उठली, आणि तिच्याबरोबर गोधडीही उठली.

दोघी बघतच राहिल्या. जोलीनने अस्तर उलटून पाहिलं. आर्डिसच्या निळ्या स्वेटरचा कोपरा कधीतरी कापडाबरोबर सरकत सुईखाली गेला होता. अख्खं एक पान त्याच्यावर शिवलं गेलं होतं, चांगलं घट्ट.

"अरे देवा! आई, हलू नका. आत्ता उसवते."

आर्डिस खाली बसली. लोकरीवरचे टाके तिने जवळ धरून बराच वेळ पाहिले. मग सुनेचं मनगट धरलं.

"उसवू नकोस," ती म्हणाली. "कात्री आण. स्वेटर काप."