निनावी पत्र

तिसऱ्या दिवशीही श्यामराव चांदोरकरांनी खालच्या मजल्याचं पाणी सोडलं नाही.

खाली भूदेव सान्याल मास्तर आणि त्यांची अंथरुणाला खिळलेली बायको अशी दोघंच राहत. कलकत्त्यातल्या भवानीपूरच्या त्या घरातले बावीस वर्षांचे भाडेकरू. रस्त्याकडेची मोठी खोली त्यांच्याकडे होती आणि श्यामरावांना ती हवी होती. खिदिरपूरच्या गोदीत त्यांची माल सोडवून द्यायची दलाली होती. बोटीवरून उतरणारी घड्याळं, रेडिओ विकायला ती खोली मिळाली असती, तर त्यांचं उखळ पांढरं झालं असतं.

"अहो, त्या बाईच्या पाठीला जखमा झाल्यात," सरलाबाई म्हणाल्या. "निदान एक बादली तरी देऊ या."

"एवढा कळवळा असेल तर तूही खालीच राहायला जा."

जिन्यावर प्रमोद भेटला, कॉलेजात जाणारा त्यांचा एकुलता एक मुलगा. त्याच्या दोन्ही हातांत भरलेल्या बादल्या होत्या.

"ठेव त्या खाली," श्यामराव गरजले.

"खालीच नेतोय, बाबा," तो म्हणाला आणि त्यांना खांद्याने बाजूला सारून उतरून गेला.

श्यामरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तसेच ते त्याच्यामागे खाली गेले आणि मास्तरांच्या दारात उभे राहिले.

"खोली कधी सोडताय?"

मास्तर शांतपणे म्हणाले, "श्यामबाबू, हिला हलवता येत नाही. डॉक्टर म्हणतात, थोडेच दिवस उरलेत. ती गेली की मी स्वतः किल्ली वर आणून देईन."

"मग ती कधी जाणार, तेवढं सांगा."

मास्तरांनी हळूच दार लावून घेतलं. त्या लागलेल्या दाराचा श्यामरावांना शिवी खाल्ल्यापेक्षा जास्त राग आला.

ते एकाहत्तर साल होतं. भिंती नक्षलवाद्यांच्या घोषणांनी रंगलेल्या, गल्लीगल्लीत पोलिसांच्या गाड्या. माणसाला उचलायला पुरावा लागत नव्हता, संशय पुरत होता. श्यामरावांनी डाव्या हाताने पोलीस ठाण्याला पत्र लिहिलं. भूदेव सान्याल यांच्या खोलीत शिकवणीच्या नावाखाली पोरं जमतात, तिथे बसून सरकारविरुद्ध पत्रकं लिहिली जातात. खाली नाव घातलं नाही. त्यातलं अक्षरही खरं नाही, अशी त्यांची खात्री होती. मास्तर पोरांना बीजगणित शिकवत होते, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं.

पत्र टाकल्यापासून चौथ्या दिवशी सकाळी पोलिसांची जीप आली. शिपायांनी तासभर खोली धुंडाळली आणि मास्तरांना बाहेर आणलं. गाडीत चढण्याआधी मास्तर अधिकाऱ्याला काहीतरी बोलले आणि श्यामरावांकडे आले. आता हा भर रस्त्यात आपल्याला शाप देणार, असं श्यामरावांना वाटलं.

"श्यामबाबू, हिला पाणी द्या," मास्तर म्हणाले. "आणि प्रमोदला काही दिवस गावी पाठवा. दिवस वाईट आहेत."

एवढंच. जीप निघून गेली.

श्यामरावांनी पाणी सोडलं. तांब्या भरून ते स्वतः आत गेले. शिपायांनी पुस्तकांचा ढीग जमिनीवर उपसला होता. खाटेवरच्या बाईंनी दोन घोट घेतले.

"तुम्ही वर आहात ना," त्या बंगालीत पुटपुटल्या, "म्हणून हे निश्चिंतपणे गेले."

खोली आता मोकळी झाल्यातच जमा होती. पण श्यामरावांना तिथे उभं राहवेना. दुपारपर्यंत ते वर नुसते बसून राहिले. शेवटी त्यांनी सरलाबाईंना हाक मारली.

"ते पत्र मी लिहिलं होतं."

सरलाबाई रडल्या नाहीत. "मग जा आणि तसं सांगून या," त्या म्हणाल्या. "ते जमत नसेल, तर या घरात पाऊल ठेवू नका."

ठाण्यावरचा अधिकारी पान चघळत होता. श्यामरावांनी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. "पत्र खोटं आहे, साहेब. मला खोली हवी होती म्हणून लिहिलं. मास्तर निर्दोष आहेत. मला हवी ती शिक्षा करा, पण त्यांना सोडा."

सांगून झालं आणि त्यांना हलकं वाटलं. कित्येक वर्षांत असं वाटलं नव्हतं. चपराक बसली तरी ती घ्यायची त्यांची तयारी होती.

अधिकारी हसला. "खोटं? मग हे कुठून आलं?" त्याने खणातून कागदांचा एक गठ्ठा काढून टेबलावर टाकला. "मास्तरच्या पुस्तकांमागे सापडलं. हाताने लिहिलेली पत्रकं. म्हातारा म्हणतो, सगळं मीच लिहिलं, दुसऱ्या कोणाचा संबंध नाही. मला मुळीच पटत नव्हतं. पाण्याचा पेला धरताना हात कापतात त्याचे. आता तुम्ही म्हणताय तो निर्दोष, म्हणजे माझाच संशय खरा. लिहिणारा दुसराच कोणी आहे. त्या खोलीत रोज जाणारा-येणारा."

श्यामरावांची नजर वरच्या कागदावर गेली. कागद त्यांच्या बाजूने उलटा होता. पण एकुलत्या एक मुलाचं अक्षर बापाला उलट्या कागदावरूनही ओळखू येतं.

आतल्या कोठडीतून खोकल्याची उबळ ऐकू आली. बराच वेळ ती थांबली नाही.

अधिकाऱ्याने कोरा कागद पुढे ओढला आणि पेनचं टोपण काढलं. "हं, बोला. मास्तरकडे कोण कोण जायचं?"

श्यामरावांनी समोरची खुर्ची ओढली आणि ते खाली बसले.

"साहेब, मी मघाशी घाबरून काहीतरी बोललो," ते म्हणाले. "पत्रातला शब्द न् शब्द खरा आहे. सही कुठे करू?"