गुडघ्यातलं बळ

डोंगरातल्या कुरणावरून एमिलबेकनं आईला, त्याच्या अपाला, बिश्केक शहरातल्या आपल्या नवव्या मजल्यावरच्या घरी आणून ठेवलं, तेव्हा तिला गुडघा वाकवून खाली बसताही येत नव्हतं. त्यानं टीव्हीला कॅमेरा जोडून दिला. पडद्यावरची मुलगी व्यायाम सांगायची, गुडघा नीट वाकला की शाबासकी द्यायची, आणि व्यायाम झाला की एमिलबेकच्या फोनवर निरोप यायचा. हिवाळाभर एकही दिवस चुकला नाही. "अपा माझा शब्द खाली पडू देत नाही," असं तो कौतुकानं सांगायचा.

त्या दिवशी मात्र दुपार झाली तरी निरोप आला नाही. अपा फोनही उचलेना. पडली तर नसेल? हातातलं काम टाकून तो घरी धावला. आत कुणीच नव्हतं. तिचे बूटही जागेवर नव्हते. जिने, बाग, दुकानं, सगळं पालथं घालून संध्याकाळी तो धापा टाकत उभा होता, तेवढ्यात मामाच्या फोनवरून तिचाच आवाज आला.

"पोचले रे कुरणावर. बसनं आले, पुढं घोड्यावर."

"घोड्यावर? अगं अपा, जीव गेला माझा इकडं! तिथं काय काम तुझं?"

"घोड्या व्यायल्यात. दूध काय तुझा मामा काढणार? एक गुडघा टेकून बसले, बादली मांडीवर घेतली आणि माझी मी उठलेसुद्धा."

"पण सांगून तरी जायचं!"

"सांगितलं असतं तर सोडलं असतंस?" ती हसली. "तुला काय वाटलं, तुझ्या नवव्या मजल्यावर बसून राहायला मी पाय बळकट करत होते?"