वाढत्या अंगाची सफारी

प्रस्तुत कथेत एका उपवर तरुणाचे माप कसे घेण्यात आले, त्या मापाचा पोशाख कसा शिवला गेला आणि तो चारचौघांत उघडला तेव्हा काय घडले, याचे यथाशक्ती निवेदन केले आहे. वाचकांनी ते शांत चित्ताने ग्रहण करावे, ही विनंती.

"वाढत्या अंगाची शिव गं," रखमाबाई म्हणाल्या.

माप घेणाऱ्या नंदाची बोटे टेपवर थांबली. समोर रखमाबाईंचा पुत्र रतन उभा होता. वय वर्षे बत्तीस. सरकारी कचेरीत त्याच्या सहीवाचून कागद हलत नसे. येथे मात्र तो दोन्ही हात वर करून उभा होता. आईने हात वर करण्यास सांगितले होते आणि खाली घेण्यास अद्याप सांगितले नव्हते.

स्थळ ठाकुर्ली, साल एकोणीसशे शहाण्णव. नंदाचे वडील त्र्यंबकराव यांनी त्या वर्षी आपल्या शिलाईच्या दुकानात कॉम्प्युटर बसवला होता. अंगाची मापे भरली की तो कापणीचे नमुने कागदावर छापून देई. कारागिराने कागद कापडावर ठेवावा आणि कात्री चालवावी, डोके चालवू नये, अशी सोय होती. यंत्रासाठी काचेची खोली बांधली होती. आत चपला नेण्यास मनाई होती. गिऱ्हाईक बाहेर घामाने निथळे आणि यंत्र आत गारव्यात बसे. त्र्यंबकरावांनी त्याला उदबत्ती ओवाळावी आणि नंदाने ते चालवावे, अशी कामाची वाटणी झाली होती.

रतनचे स्थळ नंदासाठी कल्याणहून आले होते. पसंती झाली होती. पुढील रविवारी साखरपुडा होता. नवरदेवाचा पोशाख मुलीकडून देण्याचा रिवाज असल्यामुळे सफारीचे माप चालले होते.

"शर्ट खोचता की बाहेर ठेवता?" नंदाने रतनला विचारले.

"बाहेर," रखमाबाई म्हणाल्या. "खोचला की गुदमरतं त्याला."

"खिसे?"

"एकच ठेव. दोन असले की कशात काय ठेवलं ते विसरतं माझं बाळ."

"पँट कुठे बांधता?"

"बेंबीच्या वर. पोटाला वारा लागता कामा नये."

नंदाने टेप खाली ठेवली आणि रतनच्या डोळ्यांत पाहिले. "तुम्हाला स्वतःला कशी हवीय?"

रतनने छताकडे पाहिले. भिंतीकडे पाहिले. शेवटी जिकडे पाहायचे होते तिकडेच पाहिले. "आई सांगेल तशी."

"अहो, बत्तिसाव्या वर्षी अंग वाढून वाढणार किती?" त्र्यंबकराव हसले. रखमाबाई हसल्या नाहीत. तत्क्षणी त्र्यंबकरावांनीही हसू आवरले. "नाही, म्हणजे, टाक गं नंदा तसंच. आमचा कॉम्प्युटर सांगाल ते ऐकतो बरं का, वहिनी. उलट बोलायची सोयच नाही त्याला."

"अगदी आमच्या रतनसारखा," रखमाबाई प्रसन्न होऊन म्हणाल्या.

त्या संध्याकाळी नंदाच्या आईने, मंजुळाबाईंनी विचारले, "ऐकणारा नवरा मिळतोय, तरी तोंड का उतरलंय तुझं?"

"ऐकतो गं. पण माझा नंबर कधी लागणार?" नंदा म्हणाली. "माणूस वाईट नाहीये, आई. त्यानं एकदा, फक्त एकदा, 'हे मला नको' म्हणू दे. मी आनंदानं अंगठी घालून घेते. नाहीतर हे लग्न नाही."

"अगं, पण नको म्हणावं असं त्याला देणार काय आहेस तू?"

नंदा याचा विचार करू लागली.

माप भरण्यापूर्वी कॉम्प्युटर एक प्रश्न विचारत असे: पुरुष, स्त्री की मूल? दुसऱ्या दिवशी नंदाने रतनची मापे भरली. त्यांत एका सुताचीही चूक केली नाही. केवळ त्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिने रखमाबाईंच्या मताप्रमाणे दिले.

दुपारी कारागीर पोपट कागद घेऊन काचेपाशी आला. "शेठ, जरा बघता का? ही पँट गुडघ्याच्या वरच संपते. आणि खांद्यावरून पट्टे येतायत."

"तू कॉम्प्युटरपेक्षा शहाणा काय रे?"

"नाय शेठ."

"मग काप."

पोपटने कापले.

रविवारी डोंबिवलीच्या हॉलमध्ये दोन्हीकडची मंडळी जमली. त्र्यंबकरावांनी पोशाखाचा खोका चांदीच्या ताटात ठेवला. आपल्या यंत्राच्या अचूकपणावर चार शब्द बोलले. टाळ्या पडल्या. मग रतनने खोका उघडला.

आतून चॉकलेटी रंगाचा, गोल कॉलरचा सदरा निघाला. पाठोपाठ हाफ पँट निघाली. तिला दोन पट्टे होते, ते पाठीवर एकमेकांस छेद देत होते. बाह्यांना पुढे सोडता यावे म्हणून भरपूर कापड आत दुमडले होते. शिलाई निर्दोष होती. एका उत्साही काकांनी सदरा रतनच्या अंगाला लावून पाहिला. खांदा खांद्यावर बसला, छाती छातीवर बसली. फिटिंगला नाव ठेवण्यास कोठेही जागा नव्हती.

मागच्या रांगेत कोणीतरी खोकल्याच्या मिषाने हसले. त्र्यंबकराव खुर्ची शोधू लागले. रखमाबाईंनी तोंड उघडले, परंतु आयुष्यात प्रथमच त्यातून शब्द फुटेना. अर्थात, मैदान मोकळे होते.

नंदाने मान वर केली. अंगठीचे बोट पुढे करण्याची तिची तयारी होती. मनापासून तयारी होती. एका शब्दाचेच काम होते.

रतनने पट्टे उचलून पाहिले. त्याचे कान लाल झाले. कपाळावर आठी उमटली. ओठ हलले.

"आई," तो म्हणाला, "घालू?"

येथवर साथ दिल्याबद्दल सर्व वाचकांचा मी अंतःकरणपूर्वक आभारी आहे.

आपला नम्र,
गोमाजी धाकू म्हात्रे, ठाकुर्ली