बदली कामगार

“उन्हाळ्यातला हा एक महिना तेवढा काढून टाक,” अभियंता सर म्हणाले आणि त्यांनी तांबडी पेन्सिल तिच्याकडे सरकवली. “दर वर्षीचा. मग सुटलीस.”

टेबलावर सात रजिस्टरं होती. पाणीखात्याच्या गोदामातून त्याच सकाळी आलेली, कडांना वाळवी लागलेली. चार वर्षं ती याच आकड्यांवर काम करत होती, पण ते खात्याने संगणकात भरून दिलेले. मूळ कागद एकदा नजरेखालून घालायचे, एवढाच उपचार उरला होता. प्रबंध सोमवारी द्यायचा होता. त्याच्या पहिल्या पानावर एकच ओळ होती : टेकडीवरच्या टाकीवरून पाणी सोडणाऱ्या माझ्या वडिलांना. ते जाऊन पाच आठवडे झाले होते.

शहराच्या पाण्यावर डॉक्टरेट करणं हे एका विषयाच्या माणसाचं काम नाही, असं विद्यापीठाचं म्हणणं होतं. म्हणून तिला चार मार्गदर्शक होते. अभियंता सर, रसायनशास्त्राच्या बाई, एक तरुण समाजशास्त्रज्ञ आणि ओढ्यानाल्यांतल्या जिवांचा अभ्यास करणारे एक अबोल गृहस्थ. चार वर्षांत चौघांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं होतं. टेकडीवरच्या टाकीच्या नोंदी म्हणजे सोनं. बाकी अकरा टाक्यांचा सगळा आनंदच होता. कुठे पानं कोरी, कुठे चहाचे डाग. इथे मात्र सात वर्षं, दिवसातून तीनदा, पाण्याचा दाब न चुकता लिहिलेला. आकडेही कसे, शहाण्या मुलांसारखे रांगेत चालणारे. उन्हाळ्यात महिनाभर तेवढे बिघडत, पण ते वर्षाच्या सरासरीत बुडून जात. सरांनी त्यांच्यावर आपलं सगळं गणित उभं केलं होतं. टेकडीवरच्या वस्तीला पाणी कधी कमी पडलंच नाही, असा निष्कर्ष चौथ्या प्रकरणात निघाला होता. तिथल्या बायका मुलाखतीत सांगत होत्या की नळ कोरडे असायचे. समाजशास्त्रज्ञाने त्याला ‘टंचाईची भावना’ असं नाव देऊन ठेवलं होतं.

रजिस्टरं उघडली तेव्हा तर कौतुकाला ऊत आला. बाई म्हणाल्या, अक्षर बघा, मोत्याचे दाणे. समाजशास्त्रज्ञाने सातही वह्या ओळीने मांडल्या. पहिल्या वर्षीचं मोठं, बाळबोध अक्षर सातव्या वर्षापर्यंत कसं वळणदार होत गेलंय ते त्याने सगळ्यांना दाखवलं. श्रमिकाची कामावरची माया, यावर त्याला तिथल्या तिथे एक लेख सुचला. मग उन्हाळ्याची पानं आली. तिथे आकडे वाकडेतिकडे, एकमेकांच्या अंगावर पडलेले. दाब कधी निम्म्यावर, कधी सलग चार दिवस शून्य.

“तुझे वडील रजेवर असणार,” समाजशास्त्रज्ञ म्हणाला. “बदली कामगाराने काय ठोकून दिलंय बघ. धड सात काढता येत नाही लेकाला.”

चौघंही हसले. अबोल गृहस्थसुद्धा.

ती त्या साताकडे बघत राहिली.

वडिलांना आपल्या अक्षराची लाज वाटे. एकदा साहेबाने चारचौघांत त्यांचं पान वाचून दाखवून हशा पिकवला होता. तेव्हापासून ते वही घरी आणत आणि जेवणं झाली की तिला हाक मारत. लिही गं, म्हणत, कच्चंच आहे, पक्कं ऑफिसात होतं. ती नऊ वर्षांची होती. दिवसाचे तिन्ही आकडे ते तोंडपाठ ठेवून येत. पण पहाटे चारला उठलेला माणूस. सकाळचा आकडा सांगण्याआधीच भिंतीला टेकून त्यांचा डोळा लागे. त्यांना उठवायचं तिच्या जिवावर येई. रकाना रिकामा सोडला की मार्क जातात, एवढं ती शाळेत शिकली होती. मग ती कालचे आकडे बघून त्यांच्या जवळपासचे, दिसायला बरे, असे तीन लिहून टाकी. सकाळी ते न वाचता सही करत. लेकीने लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार. दहावीपर्यंत हे चाललं. फक्त उन्हाळ्याच्या सुट्टीत ती महिनाभर मामाकडे जाई.

पक्कं रजिस्टर निराळं असतं, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती.

गप्प राहिली तर सोमवारी प्रबंध जाणार होता, आणि वडील कायमचे मोत्यासारख्या अक्षराचे होणार होते. बोलली तर दोन्ही जाणार होतं. उरणार होती ती शून्यं, आणि त्या बायकांचे कोरडे नळ.

तिने पेन्सिल उचलली. प्रबंधाची छापील प्रत पुढे ओढली, चौथं प्रकरण काढलं आणि त्याच्या पहिल्या पानावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत रेघ मारली.

“अगं, ते नाही,” सर म्हणाले. “उन्हाळ्याचा महिना काढायचाय.”

“वडील कधी रजेवर गेले नाहीत, सर. तो महिना त्यांचा आहे,” ती म्हणाली. “बाकीचे अकरा महिने बदलीवर मी होते.”