काळा की जास्त काळा

"ताई, दोरा काळा घेऊ की जास्त काळा?" मास्तरांनी विचारलं.

मालकिणीच्या तोंडात चार टाचण्या होत्या. त्या न गिळता तिनं दोन्ही रिळं खिडकीशी नेली, उजेडात धरली आणि एकावर बोट ठेवलं. दुपारचे तीन वाजले होते. सकाळपासून मास्तरांचा हा एकतिसावा प्रश्न. चाळीस वर्षं कात्री चालवलेला माणूस, पण आज कापडाची सुलट बाजू कोणती हेसुद्धा विचारून गेला होता.

चार वाजता बँडचा म्होरक्या येणार होता. बावीस वादक, बावीस कोट. त्यातले पंधरा कोट कारागिरांनी शिवून टांगले होते. उरलेले सात अवघड अंगाचे. ते तिनं स्वतःकडे ठेवले होते आणि ते अजून टेबलावर तुकड्यातुकड्यांत पडले होते. "गेल्या वर्षीसारखं झालं तर यापुढे समोरच्या शिंप्याकडे," असं म्होरक्यानं बजावलं होतं. तेव्हापासून समोरचा शिंपी तिला रोज सकाळी न चुकता नमस्कार करायचा.

गेल्या वर्षीची चूक तिच्या अंगावरची होती. मापं ती वहीत लिहीत नसे. वही काय, कोणीही उघडतं. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या मापाची चिठ्ठी ती टाचणीनं आपल्याच कपड्यांवर लावायची. पुढची जागा संपली की मावशीकडे पाठ करायची, "लाव गं मागे." पंखा सुरू झाला की ती झाडासारखी सळसळायची. प्रेमानं मिठी मारणाऱ्याला धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागायचं. गल्ली तिला साळिंदर म्हणायची. तर त्या गडबडीत ढोलवाल्याची चिठ्ठी बासरीवाल्याच्या जागी गेली. बासरीवाला कोटात असा बुडाला की लोकांना वाटलं, कोटच बासरी वाजवतोय.

तेव्हापासून तिनं सगळंच आपल्या हाती घेतलं. आणि तेव्हापासून कारागिरांच्या डोक्याला जणू गंज चढला. इस्त्रीवाला विचारायचा, "ताई, बाहीपासून सुरू करू की खांद्यापासून?" मावशी तर तिच्या आईची सख्खी बहीण, तिला सुई धरायला शिकवणारी. तीही विचारायची, "बाळा, टाका बारीक घालू की एकदम बारीक?" गंमत एवढीच, की एका दिवशी एकच जण अडायचा. पण गमतीकडे बघायला तिला सवड कुठली? तिचे डोळे आत गेले होते. वर्षभरात ती उभ्यानं जेवायला शिकली होती. आपलं एक दिवस डोकं दुखलं तर ही माणसं सुईत दोरा ओवायचंही विसरतील, एवढं मात्र तिला पक्कं कळलं होतं.

सव्वातीनला ढोलवाल्याची चिठ्ठी सापडेना. तिनं बाह्या पाहिल्या, पदर झटकला, स्वतःभोवती तीन गिरक्या घेतल्या. मग भिंतीतलं दोऱ्यांचं कपाट उघडलं. ते ती कधी उघडत नसे. तिचा हात तिकडे वळला की कोणीतरी धावायचं, "तुम्ही बसा ताई, मी देतो."

आत सात कोट टांगलेले होते. शिवलेले, इस्त्री केलेले. तिनं टेप काढून ढोलवाल्याचं पोट मोजलं. पोट बरोबर होतं. खालच्या फळीवर वही होती, तिच्यात मावशीच्या गोल अक्षरात सगळी मापं. "दमलीस गं," म्हणत मावशी रोज तिच्या पाठीवरून हात फिरवायची. म्हणजे हात फिरत होता आणि डोळे वाचत होते.

दाराच्या आतल्या बाजूला कागद चिकटवला होता. कापणं – मास्तर. शिवणं – मावशी. काजं, बटणं, इस्त्री – इस्त्रीवाला. शेवटच्या ओळीत तिचंही नाव होतं. ती ओळ तिनं दोनदा वाचली.

राग यायला निघाला होता. पण तोही दमलेला, वाटेतच बसला. कपाटातले सात कोट तिच्या हातच्यापेक्षा सरळ होते, हेच जास्त लागलं.

तिनं कपाट लावून घेतलं. मग अंगावरच्या चिठ्ठ्या एकेक करून काढल्या आणि मावशीच्या मांडीवर ढीग घातला.

"अगं, ही सगळी तर वहीत—" मावशी म्हणाली आणि तिनं जीभ चावली.

मास्तरांची पाठ त्यांच्याकडे होती, त्यांना यातलं काही कळलं नाही. ते इमानानं म्हणाले, "ताई, बटणात दोरा उभा घालू की आडवा?"

"तुम्हीच ठरवा, मास्तर," ती म्हणाली. "कोटही तुम्हीच द्या. मी जरा पडते."

मास्तरांच्या हातून कात्री पडली. याच्यापुढचा प्रश्न त्यांनी तयारच केला नव्हता.

ती कापडाच्या गठ्ठ्यावर आडवी झाली. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच पाठ टेकताना काही टोचलं नाही.

चार वाजता म्होरक्या आला. ढोलवाल्याचा कोट ढोलवाल्याला बसला. बासरीवाला कोटातून स्पष्ट दिसला. "मालकीण कुठे?" म्होरक्यानं विचारलं.

"हळू बोला," मावशी म्हणाली. "झोपलीय."

बँड गेल्यावर मावशीनं आवाज न करता कपाट उघडलं, मास्तरांच्या कानावरची पेन्सिल काढली आणि कागदावरची शेवटची ओळ खोडली : 'ताईला दिवसभर प्रश्न विचारून कात्रीपासून लांब ठेवणं – पाळीपाळीनं. आज मास्तर.'