कंसातल्या ओळी

पेन्सिलीचा कंस आला, पण ती थांबली नाही. तशीच पुढे वाचत गेली.

पाळकांनी दचकून मान वर केली. त्या स्तोत्राच्या मधल्या ओळी चर्चच्या उपासनेत कधीच वाचल्या जात नसत. त्यांत देवाकडे चक्क दुष्टांचे दात पाडायची मागणी होती. सकाळच्या वेळी कशाला कुणाच्या तोंडाची चव घालवा, म्हणून आधीच्या पाळकांनी त्या कंसात टाकल्या होत्या आणि या पाळकांनी तो कंस गिरवून ठळक केला होता. वाचणाऱ्यानं त्यावरून गुपचूप उडी मारायची, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

आज वाचनाची पाळी तिची होती. ती दातांच्या दवाखान्यात कवळ्या बनवायची. दिवसभर लोकांना दात करून देणारी बाई देवाकडे कुणाचे तरी दात पाडून मागत होती आणि तेही खणखणीत आवाजात.

तिची मुलगी सायकलवरून कामाला जाताना टेम्पोखाली गेली, तेव्हापासून हा आवाज कुणी ऐकला नव्हता. भेटायला येणारे स्वतःच बोलायचे. "चांगली माणसं देवाला लवकर हवी असतात गं," म्हणत शेजारीण पाठीवरून हात फिरवायची. पाळक म्हणायचे, "ताई, मन मोठं करा." ती "हो" म्हणायची आणि चहा ठेवायला उठायची. एकटी प्रार्थनेला बसली की मात्र तिची वाचा बसायची. तिला त्या टेम्पोवाल्याचं वाटोळं व्हायला हवं होतं. असलं काही देवाजवळ कसं बोलायचं? आणि आज ते तिच्यापुढे छापलेलं होतं.

टेम्पोवाला शेवटच्या बाकावर बसला होता. गाडी चालवताना तो फोनवर बोलत होता, हे त्यानं कोर्टात कबूल केलं होतं. शिक्षा भोगून आल्यावर मंडळीनं त्याला मोठ्या मनानं माफ करून टाकलं. तिला कुणी विचारलं नव्हतं.

वाचन संपलं. आता रिवाजाप्रमाणे सगळ्यांनी 'आमेन' म्हणायचं आणि मग वाचणाऱ्यानं खाली उतरायचं. कुणीच काही म्हणेना. पेटीवाल्याला पेटीत एकदम काहीतरी बिघाड सापडला. शेजारणीनं पर्स उघडली, बंद केली.

"ताई," पाळक पुढे झुकून कुजबुजले, "कंसातलं वाचायचं नव्हतं."

"मला तेवढंच वाचायचं होतं."

ती उतरली नाही. पुस्तकावर हात ठेवून तशीच उभी राहिली.

"आमेन."

आवाज मागून आला. सगळ्यांनी वळून पाहिलं. शेवटच्या बाकापाशी टेम्पोवाला उभा होता, मान खाली घालून.

मुलगी गेल्यापासून तिच्या बाजूनं बोललेला तो पहिलाच माणूस होता.